घरच्या मीडिया सर्व्हरसाठी हार्डडिस्क आणि बॅकअप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यापासून ऐरोली, वाशी, खारघर, पनवेलपर्यंतच्या घरांतून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. मीडिया सर्व्हर म्हणजे सिनेमे, गाणी, फोटो साठवून घरभर दाखवणारा, कायम चालू असलेला कॉम्प्युटर. त्यावर जेलीफिन असो, प्लेक्स असो (दोन्ही सिनेमे दाखवणारी सॉफ्टवेअर) की इमिच (फोटो सांभाळणारं), उत्तरांत फारसा फरक पडत नाही. निम्मा गोंधळ एकाच कारणाने होतो, म्हणून ते आधीच सांगतो. डेटाचे दोन ढीग करा: परत मिळू शकणारा (सिनेमे, मालिका, गाणी) आणि परत न मिळणारा (मुलांचे फोटो, लग्नाचं चित्रण, आजीचा रेकॉर्ड केलेला आवाज). पैसा आणि काळजी दुसऱ्या ढिगावर आधी खर्च करायची. खाली या ढिगाला «घरचा डेटा» म्हटलं आहे.

१. किती टीबीची डिस्क घेऊ?

आधी मोजा. ब्लू-रेवरून जशीच्या तशी उतरवलेली १०८०पी फिल्म साधारण २५ ते ४० जीबी होते, ४के फिल्म ५० ते ८० जीबी, आणि दोन थरांची डीव्हीडी जास्तीत जास्त ८.५ जीबी. आयफोनवर एचईव्हीसीमध्ये (कमी जागा घेणारा व्हिडिओ प्रकार) ४के चित्रण ३० फ्रेमने मिनिटाला सुमारे १७० एमबी खातं, ६० फ्रेमने ४०० एमबी. म्हणजे मुंजीचं दोन तासांचं चित्रण २० जीबी होईल की ४८, हे फोनच्या एका सेटिंगवर ठरतं.

आज असलेल्या डेटाच्या दुप्पट जागा घ्या आणि डिस्क ८५ टक्क्यांपुढे भरू देऊ नका. बजेट ठरवताना बॅकअपची डिस्क त्यातच धरा. ८ टीबीची एकच डिस्क घेऊन खिसा रिकामा करण्यापेक्षा ४ टीबीच्या दोन कधीही बऱ्या.

२. ४ टीबीची घेतली, कॉम्प्युटर ३.६३ दाखवतो. दुकानदाराने फसवलं का?

नाही. कंपनी १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरते, विंडोज १०२४च्या पटीत मोजतं. ८ टीबीची ७.२७ दिसेल. लिनक्सवर आणखी थोडी जागा गायब दिसली तर त्याचं कारण वेगळं आहे, ते प्रश्न ८मध्ये.

३. एसएसडी घेऊ की हार्डडिस्क?

दोन्ही, पण वेगवेगळ्या कामांना. ऑपरेटिंग सिस्टिम, जेलीफिनचा डेटाबेस आणि पोस्टर, ट्रान्सकोडिंगची (व्हिडिओ टीव्हीला चालेल अशा स्वरूपात बदलण्याची) तात्पुरती जागा हे सगळं २५६ किंवा ५१२ जीबीच्या एसएसडीवर. सिनेमे हार्डडिस्कवर. ४के फिल्मलाही सेकंदाला १० ते १५ एमबीच लागतात आणि कोणतीही हार्डडिस्क १५०च्या आसपास सहज देते, त्यामुळे सिनेमे एसएसडीवर ठेवून टीव्हीवर काही फरक दिसत नाही. कपाटात ठेवून द्यायच्या बॅकअपसाठी मात्र एसएसडी किंवा पेनड्राइव्ह नको. फ्लॅश मेमरीतला चार्ज वीज न मिळता हळूहळू गळतो, आणि गरम जागेत जास्त वेगाने.

४. नॅसची (नेटवर्कवरच्या साठवणीच्या डब्यासाठीची) डिस्क महाग आहे. साधी डेस्कटॉपची चालेल का?

चालेल, पण ती एसएमआर नाही ना हे बघा. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. त्यामुळे एक ट्रॅक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. एकदा लिहून शंभरदा वाचायच्या सिनेमांना त्याने काही बिघडत नाही. पण रेड (अनेक डिस्क जोडून एक म्हणून चालवण्याची पद्धत) किंवा झेडएफएसमध्ये (तेच करू शकणारी फाइल सिस्टिम) डिस्क बदलून नवी भरायची वेळ आली की वेग कोसळतो, डिस्क वेळेत उत्तर देत नाही आणि सिस्टिम तिला मेलेली समजून बाहेर काढते.

नावावर जाऊ नका. २ ते ६ टीबीच्या, «रेड» याच नावाने विकल्या जाणाऱ्या काही डिस्क एसएमआर असल्याचं वेस्टर्न डिजिटलने २०२०मध्ये मान्य केलं. त्यानंतर सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेल्या) डिस्क रेड प्लस या नावाने येऊ लागल्या. सीगेटची आयर्नवुल्फ सीएमआर आहे, पण बाराकुडामधल्या बऱ्याच ३.५ इंची डिस्क एसएमआर आहेत. पूर्ण मॉडेल नंबर कंपनीच्या तक्त्यात तपासूनच पैसे द्या. २.५ इंची पोर्टेबल डिस्क जवळजवळ सगळ्या एसएमआर समजा. बॅकअपला त्या उत्तम.

५. यूएसबीची एक्सटर्नल डिस्क कायम लावून ठेवली तर?

छोट्या सेटअपला हरकत नाही, पण बिघाड ठरावीक जागी होतात. रास्पबेरी पाय ४च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअर मिळतात. दोन पोर्टेबल डिस्क एकदम फिरायला लागल्या की व्होल्टेज पडतं आणि एक डिस्क गायब होते. पाय ५ला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अधिकृत अडॅप्टर नसेल तर ही मर्यादा ०.६ अँपिअरच असते. उपाय म्हणजे स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारी ३.५ इंची डिस्क किंवा वीज पुरवणारा हब.

दुसरी खोड स्वस्त डब्यांतल्या चिपची. तासन्‌तास कॉपी चालू असताना डिस्क मध्येच सुटते. लॉगमध्ये «यूएएस» (यूएसबीवरून डिस्कशी वेगाने बोलण्याची पद्धत) आणि «रीसेट» शेजारी शेजारी दिसले तर आधी केबल बदला, मग त्या डब्यासाठी यूएएस बंद करून बघा.

एक्सटर्नल फोडून आतली डिस्क वापरायची असेल तर दोन गोष्टी ध्यानात घ्या. वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं. आणि वेस्टर्न डिजिटलच्या काही डिस्क जुन्या पॉवर सप्लायवर सुरूच होत नाहीत, कारण साटा पॉवरच्या (डिस्कला वीज देणाऱ्या जोडणीच्या) तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की त्या बंदच राहतात. त्या पिनवर कॅप्टॉन टेपची (वीज न वाहणाऱ्या चिकटपट्टीची) बारीक पट्टी लावली की काम होतं.

६. रेड-१ (दोन्ही डिस्कवर तोच डेटा) आहे, म्हणजे बॅकअप झालाच ना?

नाही झाला. चुकून फोल्डर उडवलं तर ते दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी उडतं. रॅन्समवेअर, बिघडलेला पॉवर सप्लाय, चोरी, पाणी, या सगळ्यांत दोन्ही डिस्क एकदमच जातात. रेडमुळे एक डिस्क मेली तरी सर्व्हर चालू राहतो, एवढंच. ऑफिसला ते लागतं. घरी रविवारी संध्याकाळी सिनेमा दिसला नाही तर आभाळ कोसळत नाही.

म्हणून फक्त दोनच डिस्क असतील तर आमचा कौल स्पष्ट आहे: रेड लावू नका. एक सर्व्हरला लावा आणि दुसरीवर रोज रात्री घरच्या डेटाची प्रत घ्या. ही प्रत रेस्टिक, बोर्ग किंवा कोपियासारख्या साधनाने घ्या, म्हणजे जुन्या आवृत्त्याही राहतात. साधं आरसिंक (फोल्डर कॉपी करणारी आज्ञा) डिलीटच्या पर्यायासह चालवलं तर आज उडालेली फाइल आज रात्रीच बॅकअपमधूनही उडेल.

७. वेगवेगळ्या साइझच्या चार डिस्क पडून आहेत. एकत्र करता येतील?

सिनेमांसाठी मर्जरएफएस आणि स्नॅपरेड ही जोडी घ्या. मर्जरएफएस सगळ्या डिस्क एकाच फोल्डरसारख्या दाखवतं; स्नॅपरेड एका डिस्कवर पॅरिटी (मेलेल्या डिस्कवरचा डेटा परत काढायला लागणारी माहिती) ठेवतं. पॅरिटीची डिस्क डेटाच्या सर्वांत मोठ्या डिस्कएवढी किंवा मोठी हवी. प्रत्येक डिस्क स्वतंत्र वाचता येते, त्यामुळे पॅरिटीच्या आवाक्याबाहेर गेलं तरी मेलेल्या डिस्कवरचंच जातं, बाकी शाबूत राहतं.

पॅरिटी रात्रीच्या सिंकमध्ये बनते, त्यामुळे दिवसभरात आलेली फाइल तोवर उघडी असते. सिंकच्या स्क्रिप्टमध्ये «ठरावीक संख्येपेक्षा जास्त फाइली गायब असतील तर थांब» ही अट घालाच. एखादी डिस्क माउंट झाली नसेल (सिस्टिमला जोडली गेली नसेल) आणि ती पूर्ण रिकामी दिसली तर स्नॅपरेड सहसा स्वतःच थांबतं, पण तरीही जबरदस्तीने सिंक चालवलं, तर तिची पॅरिटी पुसली जाते. रोज बदलणाऱ्या फोटोंना आणि डेटाबेसना हा मार्ग नको.

८. फॉरमॅट कोणता करू?

लिनक्स सर्व्हर आणि एकेकटी डिस्क असेल तर एक्स्ट४. त्यात ५ टक्के जागा रूट (मुख्य) वापरकर्त्यासाठी राखून ठेवलेली असते. ८ टीबीवर ती ४०० जीबी होते. फक्त डेटाच्या डिस्कवर ट्यून२एफएस या आज्ञेने ती १ टक्का किंवा शून्य करा. चेकसम (फाइल बिघडली का ते ओळखणारा आकडा) आणि स्नॅपशॉट (त्या क्षणाची जपलेली स्थिती) हवे असतील तर झेडएफएस किंवा बीटीआरएफएस, पण बीटीआरएफएसवर रेड-५ लावू नका.

एक्सफॅट विंडोज आणि मॅक दोघांनाही चालतं म्हणून लोक तेच निवडतात. त्याला जर्नल (काय लिहायचं याची आधी केलेली नोंद) नसतं. लिहिताना लाइट गेली की अख्खं फोल्डर खराब होऊ शकतं, आणि लिनक्सच्या परवानग्याही त्यावर टिकत नाहीत. ते कायम लावलेल्या डिस्कला नको. नातेवाइकाला फोटो न्यायला ठीक.

९. बॅकअपच्या किती प्रती, आणि कुठे?

घरच्या डेटाच्या तीन: सर्व्हरवरची मूळ, घरातली दुसरी डिस्क, आणि घराबाहेर एक. त्याच इमारतीतल्या शेजाऱ्याकडे ठेवलेली घराबाहेरची धरू नका, शॉर्टसर्किटची आग मजला बघत नाही. घोडबंदर रोडवर राहणाऱ्याने नेरूळच्या बहिणीकडे ठेवली तर आग आणि चोरीचा प्रश्न मिटतो. पुराचा विचार करायचा तर ती वरच्या मजल्यावर किंवा पुणे-नाशिककडे असलेली बरी.

प्रत्यक्षात बहुतेकांचं गाडं अडतं ते डिस्क नेण्या-आणण्यावर. त्याला सोपा तोडगा आहे: दोन पोर्टेबल डिस्क ठेवा आणि घरचे जमतात त्या सणांना अदलाबदल करा. गणपती, दिवाळी, संक्रांत, गुढीपाडवा. पाडव्यापासून गणपतीपर्यंतचं अंतर लांबतं, तेव्हा मध्ये उन्हाळी सुट्टीत एक फेरी घाला.

बाहेर जाणारी डिस्क एलयूकेएस किंवा व्हेराक्रिप्टने एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डशिवाय ती वाचता येणार नाही. पासवर्ड कागदावर लिहून घराच्या करारनाम्याच्या फाइलीत ठेवा आणि घरातल्या आणखी एका माणसाला ते सांगून ठेवा. हे राहिलं तर बॅकअप असूनही कुणालाच उघडता येत नाही.

सिनेमांची दुसरी प्रत परवडत नसेल तर सोडून द्या. फक्त फोल्डरमधल्या नावांची यादी दर आठवड्याला एका मजकूर फाइलमध्ये साठवा. डिस्क गेलीच तर तिच्यावर काय काय होतं ते तरी कळेल.

१०. सगळं क्लाउडवरच टाकलं तर?

घरचा डेटा जरूर, सिनेमे नकोत. १०० एमबीपीएस अपलोडने १ टीबी चढवायला कागदावर २२ तास लागतात, प्रत्यक्षात दीड दिवस धरा. ५० एमबीपीएसला त्याच्या दुप्पट. अपलोडचा वेग डाउनलोडएवढाच आहे का हे केबलवाल्याला आधी विचारा, आणि प्लॅनची महिन्याची मर्यादाही. अमर्यादित म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच फायबर प्लॅनमध्ये ती ३.३ टीबीच्या आसपास असते आणि अपलोडही त्यात मोजतात.

रेस्टिक किंवा आरक्लोनने घरीच एन्क्रिप्ट करून पाठवा. सर्वांत स्वस्त «आर्काइव्ह» वर्गात ठेवणं स्वस्त, पण परत आणणं महाग आणि तासन्‌तास थांबायला लावणारं. तो दर आधी वाचा.

११. फोटो फोनवरून क्लाउडला आपोआप सिंक होतात. वेगळा बॅकअप कशाला?

फोनवर डिलीट केलं की तिथूनही जातं. कचरापेटीत ठरावीक दिवस राहतं, मग संपलं. खातं बंद पडलं तरी तेच. वर्षातून एकदा सगळं डाउनलोड करून सर्व्हरवर आणा.

१२. जेलीफिन आणि इमिचचा बॅकअप म्हणजे नक्की कशाचा?

जेलीफिनचा डेटा आणि कॉन्फिगचा फोल्डर. त्यात कोण कुठपर्यंत पाहून थांबलं, कलेक्शन, वापरकर्ते हे सगळं असतं. आतला डेटाबेस एसक्यूलाइटचा आहे, तो चालू असताना नुसता कॉपी केला तर अर्धवट प्रत मिळू शकते. रात्री सेवा थांबवा, कॉपी करा, पुन्हा सुरू करा.

इमिचमध्ये मूळ फोटो आणि पोस्टग्रेसचा डेटाबेस दोन्ही लागतात. नुसते फोटो वाचले तर अल्बम आणि चेहऱ्यांची नावं जातात. नुसता डेटाबेस वाचला तर हाती काहीच नाही. डेटाबेसचा फोल्डर कॉपी न करता डम्प (डेटाबेसनेच काढून दिलेली प्रत) घ्या. थंबनेल सोडून द्या, ते पुन्हा बनतात.

१३. पावसाळ्यात आणि खाडीकाठी डिस्कला काही होतं का?

चालू डिस्कला कमी, बंद पडलेलीला जास्त. चालू डिस्क खोलीपेक्षा १० अंशांनी गरम असते, त्यामुळे तिच्याभोवतीची हवा कोरडी राहते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये सर्व्हर आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. साध्या डिस्कच्या अंगावर हवेसाठी एक बारीक भोक असतं, त्यावर स्टिकर लावू नका. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क सीलबंद असतात.

खाडीलगत किंवा तुर्भे, पावणे, रबाळेच्या औद्योगिक पट्ट्याजवळ तांब्याचे भाग लवकर काळवंडतात. एसीची कॉइल वारंवार गळत असेल तर तीच हवा सर्व्हरच्या सर्किटलाही लागते आहे. मे संपायच्या आत सर्व्हर बंद करा, साटा केबल काढून टोकं ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या आणि घट्ट बसवा. स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींमधला) १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर दोष डिस्कपेक्षा केबलचा किंवा अशा टोकांचा असण्याची शक्यता जास्त.

कपाटातली बॅकअप डिस्क हवाबंद डब्यात, ५० ग्रॅम सिलिका जेलसह ठेवा. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर तासभर तापवून पुन्हा वापरता येतात. तांदूळ नकोत, त्यांची पूड डिस्कच्या पोर्टमध्ये जाते. एसीच्या थंड बेडरूममधून काढलेली डिस्क दमट हॉलमध्ये लगेच लावू नका; बंद पिशवीतच दोन तास राहू द्या, नाहीतर आत दव धरतं.

जागा निवडताना एसीच्या इनडोअर युनिटखाली, खिडकीखाली आणि बाथरूमच्या ओल येणाऱ्या भिंतीला नको. तळमजल्यावर असाल तर छातीच्या उंचीवर. २६ जुलै २००५चं पाणी घरात शिरलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना याचं कारण विचारावं लागत नाही. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात मे महिन्यात डिस्क सहज ५० अंशांवर जाते. मागचं प्लाय कापून १२० मिलिमीटरचा एक पंखा बसवा आणि आकडा ४५च्या आत आणा.

१४. घरात इन्व्हर्टर आहे. तरी यूपीएस लागेल?

बहुधा हो. इन्व्हर्टर «यूपीएस मोड»वर असेल तर बदल साधारण १० मिलिसेकंदांत होतो आणि सर्व्हरला कळतही नाही. दुसऱ्या मोडवर तो जास्त वेळ घेतो आणि मशीन रीस्टार्ट होतं. आधी मागचा स्विच बघा. पण खरी अडचण पुढे आहे: बॅटरी संपत आली हे इन्व्हर्टर सर्व्हरला सांगत नाही. १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदमच गेली, तशी लांबली तर सर्व्हर लिहिता लिहिता बंद पडतो.

६०० व्हीएचा यूपीएस घ्या, पण यूएसबी डेटा पोर्ट असलेला. स्वस्त मॉडेलना तो नसतो. एनयूटी हे सॉफ्टवेअर लावून «पाच मिनिटं बॅटरीवर राहिलास तर नीट बंद हो» असं सांगा. छोट्या सर्व्हरला नवा यूपीएस अर्धा तास तरी ओढतो, पण बॅटरी दोन-तीन वर्षांत दम तोडते. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरच्या पुढे यूपीएस जोडला तर काही यूपीएस ती वीज स्वीकारत नाहीत आणि स्वतःच्या बॅटरीवर जातात. तेव्हा यूपीएस इन्व्हर्टर नसलेल्या पॉइंटवर लावा.

जुन्या इमारतीत मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. ते इलेक्ट्रिशियनकडून करून घेईपर्यंत काहीच जोडू नका.

१५. वीजबिल किती वाढेल?

सतत १० वॅट म्हणजे वर्षाला ८७.६ युनिट. छोटा पीसी आणि दोन डिस्क मिळून २५ वॅट धरले तर सुमारे २१९ युनिट, म्हणजे महिन्याला १८. तुमच्या स्लॅबचा दर महावितरणच्या बिलावर असतो, त्याने गुणा. जुना डेस्कटॉप ६०-७० वॅट सहज खातो.

१६. डिस्क मरायला लागली हे आधी कळतं का?

बरेचदा. स्मार्टसीटीएलमध्ये (स्मार्टच्या नोंदी वाचणारी आज्ञा) ५, १८७, १९७ आणि १९८ हे क्रमांक बघा. हे शून्य असावेत. ५चा आकडा एकदा थोडा वाढून थांबला तर लक्ष ठेवा. १९७ वाढत राहिला तर त्याच दिवशी प्रत तपासून नवी डिस्क मागवा. आठवड्याला छोटी चाचणी, महिन्याला लांब चाचणी लावा. ८ टीबीला लांब चाचणी १२ तासांहून जास्त घेते, म्हणून शनिवारी रात्री. काही डिस्क मात्र एकही आकडा न हलवता जातात, त्यांच्यासाठी प्रश्न ९.

१७. नवी म्हणून घेतलेली डिस्क जुनी निघू शकते?

हो. २०२५च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट डिस्क तास शून्य करून नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाचा वेगळा लॉग असतो, स्मार्टसीटीएल ७.४ किंवा पुढच्या आवृत्तीने तो वाचा आणि चालू तासांचा आकडा नेहमीच्या आकड्याशी जुळवा. लॅमिंग्टन रोडवर घ्या की ऑनलाइन, सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का ते बिल होण्याआधी बघा. घरी आणल्यावर डेटा टाकण्याआधी लांब चाचणी करा. बदलून मागायची वेळ तीच असते.

१८. डिस्कमधून टकटक आवाज येतोय आणि बॅकअप नाही.

वीज काढा. पुन्हा लावून बघू नका, फ्रीजरमध्ये ठेवू नका, झाकण उघडू नका. प्रत्येक सुरुवातीला हेड प्लेटवर घासत असेल. डेटा मोलाचा असेल तर थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या आणि तपासणीचे पैसे, डेटा न मिळाल्यास किती, हे आधी लिहून घ्या. आवाज नसेल, नुसती वाचताना अडकत असेल, तर डीडीरेस्क्यूने आधी अख्ख्या डिस्कची प्रतिमा (जशीच्या तशी प्रत) काढा आणि शोधाशोध त्या प्रतिमेवर करा.

१९. वॉरंटीत डिस्क पाठवायची आहे, पण त्यात घरचे फोटो आहेत.

परत येते ती डिस्क दुसरीच असते, आणि तुमची कुठे जाते ते तुमच्या हातात राहत नाही. सुरू होत असेल तर पूर्ण पुसा. होत नसेल तर वॉरंटी की फोटो, एवढाच पर्याय उरतो. पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट केली असती तर हा प्रश्नच आला नसता, म्हणून पुढची डिस्क तशीच करा.

२०. हँडीकॅमच्या जुन्या कॅसेट आहेत. त्याही सर्व्हरवर घ्याव्यात का?

या पानावरच्या इतर कशाहीपेक्षा आधी. आपल्या हवेत टेपवर बुरशी धरते आणि चालणारे कॅमेरे दरवर्षी कमी होताहेत. मिनीडीव्ही कॅसेट फायरवायर केबलने जशीच्या तशी उतरवली तर तासाला सुमारे १३ जीबी लागतात, म्हणजे ३० कॅसेटना ४०० जीबी पुरतात. मूळ डीव्ही फाइल ठेवा, टीव्हीसाठी वेगळी छोटी प्रत करा. फितीवर पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट कॅमेऱ्यात घालू नका. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटही खराब होतात. ती आधी साफ करून देणाऱ्याकडे द्या, आणि उतरवलेल्या फाइली त्याच रात्रीच्या बॅकअपमध्ये आल्या का ते दुसऱ्या दिवशी एक फाइल परत काढून, चालवून बघा.